चष्मा लागलेली वासरं

१

अकरावं वासरू मेलं ते मंगळवारी सकाळी, आणि त्याच दिवशी दुपारी लसीच्या फ्रीजवरची वही गायब झाली.

मी तेव्हा एका मोठ्या डेअरीत जनावरांना लस टोचायच्या कामावर होतो. वय सव्वीस, अंगात मस्ती आणि हातात सुई. वासरांच्या गोठ्यातली मावशी मला ‘टोच्या’ म्हणायची. आता माझ्याच गुडघ्यात डॉक्टर सुया खुपसतात तेव्हा ती असती तर पोट धरून हसली असती. असो. म्हातारपणी माणूस फाटे फार फोडतो.

तर अकरावं वासरू. काळीभोर जात, सहा महिन्यांचं, गळा सुजून फुगलेला. घटसर्पानं गेलं होतं. आणि घटसर्पाची लस सगळ्या वासरांना दोन महिन्यांपूर्वी मीच टोचली होती. आता लस टोचलेलं जनावर त्याच रोगानं मरायला लागलं की लोक पहिलं बोट कुणाकडे दाखवतात, हे सांगायला नको.

मॅनेजरसाहेब गोठ्याच्या दारात उभे राहून सगळ्यांसमोर ओरडले, “लस गरम झाली असणार! फ्रीज बंद पडला असेल आणि हा गडी गावभर हिंडत असेल. दुपारी ती तापमानाची वही माझ्या टेबलावर पाहिजे. वहीत सगळं उघडं पडेल!”

मी मनात म्हटलं, पडू दे की. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची असते. सकाळ-संध्याकाळ फ्रीजचा काटा बघून मी वहीत आकडा लिहायचो, एक दिवस चुकवला नव्हता. दुपारी ऐटीत वही आणायला गेलो. फ्रीजच्या बाजूला खिळा होता, खिळ्याला सुतळी होती, आणि सुतळीला काही नव्हतं.

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ती वही चावून गिळलीच आहे.

“शनिवारी संचालक येताहेत,” ते म्हणाले. “वही नसेल तर तुझी नोकरी गेली, आणि टोचणीचा परवाना मी स्वतः रद्द करायला लावीन. मग दुसरीकडेही कुणी दारात उभं करणार नाही.”

२

बुधवारी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या.

बाई निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. मला सुई धरायला शिकवलं ते त्यांनीच, तेही शिव्या घालून. “अरे, ती गाय आहे, उशी नाही!” हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं. साहेबांनी त्यांना बोलावलं ते माझ्यावर शिक्कामोर्तब करून घ्यायला. बाईंनी आल्या आल्या मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तू केलंस?”

“नाही, बाई.”

“मग रडका चेहरा कशाला? चल, वासरं दाखव.”

आधी त्या फ्रीजपाशीच थांबल्या. रिकाम्या सुतळीची गाठ त्यांनी दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिली, मग म्हणाल्या, “चोर व्यवस्थित दिसतोय. वही सोडवली आणि सुतळी परत बांधून ठेवली.” एवढं बोलून पुढे निघाल्या.

गोठ्यात उरलेली एकोणीस वासरं उभी होती. बाईंनी ताप पाहिला नाही, नाडी पाहिली नाही. नुसत्या एकेकाच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“ही काळी ना रे?”

“काळीच, बाई.”

“नीट बघ.”

मी पाहिलं. रोज पाहत होतो आणि तरी पहिल्यांदाच पाहिलं. पाठीवरचा काळा रंग विटला होता, उन्हात ठेवलेल्या जुन्या छत्रीसारखा तांबूस झाला होता. आणि प्रत्येकाच्या डोळ्यांभोवती केस करडे पडून गोल कडं उमटलं होतं.

मावशी शेणाची पाटी घेऊन चालली होती. ती म्हणाली, “चष्मे लागलेत मेल्यांना! महिना झाला मी सांगतेय. हा टोच्या म्हणतो, मावशी, तुम्हालाच चष्मा लागलाय.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. जमीन दुभंगावी असं वाटलं.

“मावशी, आणखी काय सांगत होतात जे कुणी ऐकलं नाही?” बाईंनी विचारलं.

मावशीला तेवढंच हवं होतं. पाटी खाली ठेवून ती सुरू झाली. शेण काळं पडतंय, डांबरासारखं, फरशी घासून खांदे निखळले. वासरांच्या हिरड्या पांढऱ्याफटक आहेत. आंबोण पूर्वीसारखं चाटूनपुसून खात नाहीत, तोंड वेडंवाकडं करतात. “आणि माझी ठकी बघा, तीच जात, तेच वय, कशी टुणटुणीत!”

“कोण ठकी?”

ठकी म्हणजे मावशीचं स्वतःचं वासरू. त्याची आई वितानाच गेली म्हणून साहेबांनी मावशीला देऊन टाकलेलं. तिच्या घरामागे बांधलेलं असायचं, मावशी कापून आणील ते गवत आणि घरातला कोंडा खायचं.

“तिला लस टोचली होती?”

“मीच टोचली,” मी म्हणालो. “त्याच दिवशी, त्याच बाटलीतली.”

बाई एकदम थांबल्या. “त्याच बाटलीतली? मग गाढवा, हे दोन महिने पोटात ठेवून काय करत होतास?”

३

ठकी खरंच काळी कुळकुळीत होती. बाईंनी तिच्या डोळ्यांभोवती बोट फिरवलं, पापणी उलटी करून आतली लाली पाहिली आणि मला विचारलं, “बाटली एकूण किती जनावरांची?”

“पन्नास. तीस वासरं, एक ठकी आणि उरलेली दुभत्या गोठ्यातल्या गायींना.”

“गायी?”

“एकही आजारी नाही.”

“म्हणजे लस ठणठणीत होती,” बाई म्हणाल्या. “तू सुटलास.”

मला नाचावंसं वाटलं. पण बाई पुढे म्हणाल्या, “माझ्यापुरता. संचालकांना ‘ठकी काळी आहे’ एवढं सांगून भागणार नाही. वासरं का मेली ते सांगावं लागेल. लस म्हणजे काय असतं? घरात सांगून ठेवायचं की बाबांनो, या तोंडाचा चोर येणार आहे. पण घरात काठी उचलणाराच कुणी नसेल तर सांगून उपयोग काय? या वासरांच्या अंगात लढायचं बळच उरलेलं नाही. ते कुणी नेलं?”

तिथून आम्ही कोठीत गेलो. कोठीवाले काका म्हणजे बारीक मिशीचा, कायम दुखावलेला माणूस. बाईंनी खनिज मिश्रणाबद्दल विचारताच तो उसळला.

“म्हणजे मी पावडर विकली म्हणता? बघा, पोती बघा! गायींना आणि वासरांना एकाच पोत्यातून जाते. भेसळ असती तर गायींना नसती बाधली?”

“अगदी बरोबर बोललात,” बाई इतक्या शांतपणे म्हणाल्या की काकाला भांडण पुढे नेता येईना. “त्यात तांबं असतं, जस्त असतं, सेलेनियम असतं. चिमूटभरच, पण त्याच्यावाचून अंगातले शिपाई उठत नाहीत. गायींना ते मिळतंय. पावडर चांगली आहे.”

मग त्या फळीवरच्या बरण्या बघत राहिल्या. एका बरणीत निळे खडे होते. “मोरचूद?”

“खुरं सडू नयेत म्हणून. पाण्यात कालवून गायींना त्यातून चालवतो.”

“आणि ही रिकामी?”

“हिराकस होतं. हिरवट खडे येतात ना, ते. मोऱ्यांचा वास मारायला आणतो.” काकानं नाक मुरडलं. “या वर्षी दोनदा आणलं, दोन्ही वेळा संपलं. मोऱ्या मात्र होत्या तशाच घाण मारताहेत. विचारलं तर कुणी बोलत नाही.”

बाईंनी ती रिकामी बरणी उघडून हुंगली. मग म्हणाल्या, “मला चहा मिळेल? बिनदुधाचा, कडक. आणि वासरांचं ओंजळभर आंबोण.”

४

चहा आला. बाईंनी दोन बशा मांडल्या. एकीत गायींच्या गव्हाणीतलं आंबोण, दुसरीत वासरांच्या. दोन्ही दिसायला सारखीच, तोच कोंडा, तीच पेंड.

गायींच्या आंबोणावर त्यांनी चहा ओतला. ते ओलं झालं, बस.

वासरांच्या आंबोणावर ओतला, आणि बशीत काळं पडायला लागलं. बघता बघता दौत सांडल्यासारखं निळंकाळं झालं.

“चहा आणि लोखंडाचा क्षार एकत्र आले की शाई होते,” बाई म्हणाल्या. “हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षारच. मोऱ्यांत नाही गेलं ते. वासरांच्या पोटात गेलं.”

“विष?”

“विष घालणारा एका दिवसात घालून मोकळा होतो. हे महिनोन्‌महिने, रोज, मुठीनं घातलंय. औषध म्हणून घातलंय.” त्यांनी बशी बाजूला सारली. “लोह जास्त झालं की तांबं अंगात शिरत नाही. दार एकच आणि लोखंडाची गर्दी, तांबं बाहेरच्या बाहेर जातं. तांबं नाही म्हणून केसांचा रंग गेला, डोळ्यांना चष्मे आले. तांबं नाही म्हणून शिपाई लढेनात. आणि गंमत बघ, तांबं नसलं की रक्तही कमी होतं. वासरू फिकट पडतं. बघणाऱ्याला वाटतं रक्त कमी झालं, आणखी लोह घाला. तो आणखी एक मूठ घालतो. वासरू आणखी फिकट पडतं.”

पुढचा प्रश्न मला ठाऊक होता.

“आंबोण कोण कालवतं रे?”

तीस वर्षं त्या डेअरीत आंबोण एकच माणूस कालवत होता. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. ओल्या पायानं कुणी आलं तर कोंड्याला बुरशी धरते म्हणून साहेबांनासुद्धा तो दारातून परत पाठवायचा. लहानपणी मी त्या दाराबाहेर बसून आतला फावड्याचा आवाज ऐकत असे. खर्र, थप. खर्र, थप. पेंडीचा तो उबदार वास आजही कुठे आला की मी सात वर्षांचा होतो.

“आबा. माझे वडील,” मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. त्यांना ते माहीत होतं. “फ्रीजवरच्या सुतळीची गाठ बघितलीस? पोत्याच्या तोंडाला घालतात ती. तशी गाठ इथं दुसरं कोण घालतं?”

माझ्या डोक्यात वीज पडली. वही आबांनी नेली होती. स्वतः हिराकस घातलं आणि माझी सुटका करणारी एकुलती एक वस्तू लपवली. स्वतःवरचं खापर पोटच्या पोराच्या डोक्यावर फोडायला.

“मी शनिवारी सगळं सांगणार,” बाई म्हणाल्या. “वासरं वाचवायची तर आजपासून हिराकस बंद व्हायला हवं. वासरांना आबांचं आंबोण घालणं मी माझ्या नावानं थांबवते, कारण न सांगता. पण त्याआधी तू घरी बोल.”

५

नाही बोललो. खोटं कशाला सांगू?

आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच. तीन संध्याकाळी आम्ही समोरासमोर जेवलो आणि एकमेकांशी मिठाशिवाय काही बोललो नाही. “मीठ दे.” “घ्या.” ते माझ्याकडे चोरून बघायचे, मी बघितलं की ताटात बघायचे. मला वाटायचं, खा, खा, पोराची नोकरी खाल्लीत, आता भाकरीही खा. लाज वाटते आज हे सांगताना, पण तेव्हा मनात होतं हे असं होतं.

शनिवारी संचालक आले. साहेबांनी माझ्याविरुद्ध कागद वाचला. फ्रीज, निष्काळजीपणा, गहाळ वही, अकरा वासरं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी आबांकडे बघत होतो. ते मागे भिंतीला टेकून उभे होते, अंगावर कोंड्याची धूळ तशीच.

बाईंनी बशा मांडल्या. चहा ओतला. एक आंबोण ओलं झालं, दुसरं काळं पडलं. बुधवारी तपासायला पाठवलेल्या रक्ताचे रिपोर्ट आले होते, तेही त्यांनी वाचले. ठकीच्या रक्तात तांबं पुरेसं, गोठ्यातल्या वासरांच्या रक्तात नावालाही नाही. मग लोखंडाची गर्दी, शिपाई, फिकट हिरड्या, सगळं सांगितलं. फक्त नाव घेतलं नाही.

“पण घालत कोण होतं?” साहेब ओरडले.

“मी,” आबा म्हणाले.

ते पुढे आले. बशीत बोट बुडवून त्यांनी ते काळं बोट डोळ्यांसमोर धरलं.

“मागल्या वर्षी दोन वासरं पांढरी पडली होती. हिराकस दिलं, सुधारली.”

“त्यांच्या पोटात जंत होते, आबा,” बाई म्हणाल्या. “जंताचं औषध तुमच्या मुलानं दिलं होतं. सुधारली त्यानं.”

“मला वाटलं हिराकसानं. म्हणून या वर्षी सगळ्यांनाच सुरू केलं. फिकट दिसली की मूठ वाढवायचो.” ते थांबले. “म्हणजे मी जितकं देत होतो, तितकी ती...”

“हो,” बाई म्हणाल्या.

“अकराच्या अकरा?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. मी मनातून विनवत होतो की बोला, बाई, एकदा तरी खोटं बोला. तीन दिवसांचा राग कुठल्या कुठे पळाला होता. भिंतीपासून चार पावलं पुढे येईपर्यंत माझा बाप म्हातारा झाला होता.

“एखाददुसरं गेलंही असतं,” बाई म्हणाल्या. “लस सगळ्यांनाच वाचवत नाही. बाकीची वाचली असती. आणि उरलेली एकोणीस अजून वाचतील. तांब्याची सुई मी कालच दिलीय.”

आबांनी आंबोणाच्या खोलीची किल्ली कमरेची सोडली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. मग सदऱ्याच्या आतून वही काढून तिच्याशेजारी ठेवली. सगळ्यांच्या माना लांब झाल्या. साहेबांनी पानं उलटली. चार डिग्री, पाच डिग्री, चार, सहा. एकही दिवस रिकामा नाही.

“यात तर काहीच चूक नाही!” साहेब म्हणाले.

आबा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला त्या क्षणी मुळीच कळलं नाही. मला वाटलं, पकडला गेला.

६

घरी जाताना मी पुढे आणि ते मागे. वही माझ्या हातात होती. विहिरीच्या वळणावर मी थांबलो.

“मला अडकवायला लपवलीत ना? स्वतः सुटायला?”

आबांनी डोळे मोठे केले. “अडकवायला? अरे, तुला वाचवायला! साहेब ओरडले, वहीत सगळं उघडं पडेल. मला वाटलं, तू कुठे चुकला असशील. एखाद्या दिवशी फ्रीज बघायचा राहिला असेल, आणि ते तू लिहून ठेवलं असशील. लिहिलेलं पुसता थोडंच येतं? म्हटलं, वहीच नसली तर कोण काय सिद्ध करणार?”

“आणि हिराकस?”

“त्याचं काय? ते तर मी औषध देत होतो. त्यानं वासरं मरताहेत हे आज त्या बाईंनी सांगितलं तेव्हा मला कळलं.”

मी रस्त्याच्या कडेला बसलो. ज्या वहीनं मी पहिल्याच दिवशी सुटलो असतो ती माझ्या बापानं चार दिवस छातीशी धरून ठेवली होती, मी वाचावा म्हणून.

“आबा, आत काय लिहिलंय ते तरी कुणाकडून वाचून घ्यायचंत!”

“कुणाकडून?” आबा म्हणाले. “आपल्या घरात वाचणारा तूच. तुला कसं विचारू, बाबा, तू चुकलास का?”

मीही तीन दिवस त्यांना काही विचारलं नव्हतं. ते हळूच माझ्याशेजारी बसले, गुडघ्यांवर हात ठेवून.

“आता वाचून दाखव,” ते म्हणाले.

“काय वाचायचं त्यात? नुसते आकडे आहेत.”

“तेच वाच.”

मी पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागलो. सोमवार, सकाळी चार, संध्याकाळी पाच. मंगळवार, सकाळी चार, संध्याकाळी चार. रस्त्यानं जाणारे आमच्याकडे बघत होते. आबा प्रत्येक आकड्याला मान हलवत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. पान संपलं तेव्हा मी थांबलो.

“पुढचं वाच,” आबा म्हणाले.